लिहायचं कुणी? नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कची गोष्ट

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांनी डिस्क आणि सर्व्हर यांच्या भानगडीत कशाला पडावं? त्याला आमचं उत्तर असं, की एकच वस्तू पुष्कळांना एकाच वेळी 'माझी' वाटते आणि ती तशी वाटावी अशी तजवीज कुणीतरी मुद्दाम केलेली असते, हा प्रश्न आमच्या विषयाच्या अगदी अंगणातला आहे. ही तजवीज करणाऱ्या माणसांना काय काय ठरवावं लागलं, ते आज पाहू.

आधी डिस्क म्हणजे काय, ते थोडक्यात. संगणकाच्या दृष्टीनं डिस्क ही क्रमांक दिलेल्या खणांची एक लांबलचक रांग आहे. या खणांना ब्लॉक म्हणतात. डिस्कला दोनच गोष्टी कळतात: अमुक क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये काय आहे ते सांग, आणि अमुक क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये हे लिही. फाइल, फोल्डर, फाइलचं नाव, तारीख यातलं काहीही डिस्कला ठाऊक नसतं. ती सगळी रचना वर बसलेली ऑपरेटिंग सिस्टिम करते आणि त्याची नोंदवही त्याच ब्लॉकांमध्ये लिहून ठेवते. आता समजा, या दोन मागण्यांना उत्तर देणारी वस्तू खरी डिस्क नाही, तर तारेच्या पलीकडच्या टोकाला असलेला दुसराच संगणक आहे. उत्तर वेळेत आणि बरोबर येत असेल तर अलीकडच्या संगणकाला फरक कळायचं कारण नाही. त्याच्यापुरती ती डिस्कच. हिलाच आभासी डिस्क म्हणतात.

वेदान्त वाचलेल्यांना इथे घटाकाश आठवेल. आकाश एकच, पण घड्यातलं वेगळं आणि मठातलं वेगळं भासतं. उपमा चांगली आहे, पण एका ठिकाणी ती फसते. घडा फुटला तर आकाशाचं काही बिघडत नाही. डिस्कच्या बाबतीत घड्याची भिंत चुकीच्या जागी आखली गेली तर दोन माणसांची कामं एकमेकांवर लिहिली जातात आणि दोन्ही जातात. म्हणून आमच्या मते या इतिहासाला वेदान्तापेक्षा तलाठ्याचं दप्तर जवळचं आहे.

आणि पहिलं दप्तर खरोखरच तसं होतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज नावाचं गाव आहे. तिथल्या ५४५, टेक्नॉलॉजी स्क्वेअर या इमारतीत आयबीएमचं केंब्रिज सायंटिफिक सेंटर होतं, आणि त्याच इमारतीत एमआयटीचे संगणकशास्त्रज्ञही बसत. तिथे रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांच्या गटानं सीपी-४० नावाची प्रणाली बांधली, ती १९६७ च्या जानेवारीत वापरात आली. मोठं यंत्र एकच, पण प्रत्येक वापरणाऱ्याला वाटावं की अख्खं यंत्र आपल्या एकट्याचं आहे, अशी ती कल्पना. पुढे सीपी-६७ आणि मग १९७२ मध्ये जाहीर झालेली व्हीएम/३७० ही तिचीच मुलं-नातवंडं.

यंत्र आभासी, तर डिस्कही आभासी हवी. पण त्या काळी डिस्क महाग आणि आकारानं अवाढव्य. प्रत्येकाला एक देणं शक्य नव्हतं. म्हणून एका डिस्कचे तुकडे पाडले, त्यांना 'मिनीडिस्क' म्हटलं. व्हीएमच्या डिरेक्टरीत प्रत्येक वापरकर्त्यापुढे एक ओळ असे: मिनीडिस्कचा क्रमांक, ती कुठल्या खऱ्या डिस्कवर आहे, कितव्या सिलिंडरपासून सुरू होते, किती सिलिंडर लांब आहे, वाचायचा पासवर्ड कोणता, लिहायचा कोणता. सातबारा पाहिलेल्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागणार नाही. गट क्रमांक आहे, क्षेत्र आहे, कब्जेदार आहे. आणि सातबाऱ्यात होतात तसे घोटाळेही होत. दोन ओळींमध्ये सिलिंडरांचे आकडे एकमेकांवर चढले तर दोघांनाही तीच जमीन दिली जाई. यंत्र तक्रार करत नसे. ते शोधायला 'डिस्कमॅप' नावाचा वेगळा प्रोग्रॅम होता, तो कुठे जमीन दुहेरी दिली गेली आहे आणि कुठे पडीक आहे याची यादी काढून देई.

त्या व्यवस्थेत एक खास मिनीडिस्क होती, क्रमांक १९०. सीएमएस ही वापरकर्त्याची प्रणाली तिच्यावर असे. ती एकच प्रत सगळे वाचत, लिहू कुणीच शकत नसे. प्रत्येकाची स्वतःची डिस्क १९१, तिच्यावर तो लिही. ही दोन क्रमांकांची विभागणी लक्षात ठेवा, कारण पुढची पन्नास-साठ वर्षं आपण तीच वेगवेगळ्या वेषांत पाहणार आहोत.

मग असा प्रश्न येतो की सगळ्यांना लिहू का देऊ नये? व्हीएममध्ये तशी सोयही होती. दुसऱ्याची डिस्क जोडून घेताना 'एमडब्ल्यू' असा पर्याय देता येई, म्हणजे अनेकांनी एकदम लिहायचं. आणि सीएमएसच्या डिस्कवर तो वापरला तर डिस्कचा सत्यानाश ठरलेला. का, ते नीट पाहू, कारण आजच्या सगळ्या व्याख्यानाची मेख इथे आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवरची नोंदवही दर वेळी डिस्कवरून वाचत नाही. ती एकदा वाचून स्वतःच्या स्मृतीत ठेवते, कारण डिस्क हळू असते. कुठले ब्लॉक रिकामे आहेत, याची यादीही तशीच स्मृतीत असते. आता दोन संगणकांनी एकच डिस्क जोडून घेतली. दोघांच्याही यादीत ब्लॉक ५०० रिकामा आहे. पहिल्यानं तिथे पत्र लिहिलं. दुसऱ्याला ते कळलं नाही, कारण डिस्क कुणाला काही कळवत नाही, ती फक्त विचारलं तर सांगते. दुसऱ्यानं तिथेच हिशेब लिहिला. पत्र गेलं. मग पहिल्यानं आपली नोंदवही डिस्कवर उतरवली, ती दुसऱ्याच्या नोंदवहीवर चढली, आता हिशेबही सापडत नाही. दोघांनी नियम पाळले, दोघंही स्वतःपुरते बरोबर होते. आणि गंमत बघा, एकानं लिहायचं आणि बाकीच्यांनी नुसतं वाचायचं, हेसुद्धा पुरेसं नाही. वाचणाऱ्याच्या स्मृतीतली नोंदवही जुनी झालेली असते. तो जुन्या नकाशावरून नव्या गावात शिरतो आणि भलत्याच घराचं दार उघडतो.

आता नेटवर्ककडे येऊ. त्याच टेक्नॉलॉजी स्क्वेअरच्या इमारतीत एमआयटीची संगणकशास्त्र प्रयोगशाळा होती. तिथे १९८० च्या दशकात 'रिमोट व्हर्च्युअल डिस्क', आरव्हीडी, हा प्रोटोकॉल तयार झाला. मायकेल ग्रीनवाल्ड यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. इंटरनेटच्या क्रमांकांच्या अधिकृत तक्त्यात टीसीपीचा क्रमांक ६, यूडीपीचा १७, आणि ६६ व्या क्रमांकावर अजूनही 'एमआयटी रिमोट व्हर्च्युअल डिस्क' लिहिलेलं आहे. म्हणजे टीसीपीच्या खांद्यावर बसून नव्हे, टीसीपीच्या शेजारी बसून हा प्रोटोकॉल चाले. डिस्कच्या मागणीला उत्तर यायला जितके मजले कमी तितकं बरं, हा हिशेब.

आरव्हीडीला खरं काम मिळालं ते प्रोजेक्ट अथेनात. हा प्रकल्प १९८३ मध्ये एमआयटीनं डिजिटल आणि आयबीएम या दोन कंपन्यांच्या मदतीनं सुरू केला आणि १९९१ मध्ये संपवला. विद्यार्थ्यानं विद्यापीठातल्या कुठल्याही वर्कस्टेशनसमोर बसावं आणि त्याला तेच प्रोग्रॅम, त्याच फाइली मिळाव्यात, ही मूळ इच्छा. आज यात विशेष वाटत नाही, त्या वेळी हे विलक्षण होतं. यंत्रांची संख्या पुढे हजाराच्या घरात गेली. हजार यंत्रांवर युनिक्सची पूर्ण प्रत ठेवायची तर तेवढी डिस्क हवी, आणि त्याहून वाईट म्हणजे एखादा प्रोग्रॅम सुधारला की हजार ठिकाणी जाऊन बदलायचा. हे कोण करणार?

आरव्हीडीचं उत्तर सरळ होतं. सर्व्हरच्या खऱ्या डिस्कचे भाग पाडायचे, एकेका भागाला 'पॅक' म्हणायचं. सर्व्हरवरच्या एका तक्त्यात प्रत्येक पॅकचं नाव, तो कुठल्या डिस्कवर कितव्या ब्लॉकपासून आहे, किती मोठा आहे, आणि कुठल्या पद्धतीनं जोडायला कुठला पासवर्ड लागेल, हे लिहायचं. पलीकडे वर्कस्टेशनवर दुसरा छोटा तक्ता: अमुक सर्व्हरवरचा अमुक पॅक घ्यायचा आणि फाइलींच्या झाडावर अमुक फांदीला लावायचा. जोडण्याच्या आज्ञेचं नाव होतं 'स्पिनअप', म्हणजे चकती फिरवायला सुरुवात कर. विद्यार्थ्याच्या यंत्रात त्या आज्ञेनं काहीही फिरत नव्हतं. जुन्या वस्तूची क्रिया नव्या वस्तूला चिकटून राहते, आपण आजही फोन 'लावतो' आणि 'ठेवतो', तसंच हे.

आणि पद्धती? एक पॅक पुष्कळांना फक्त वाचण्यासाठी मिळे, किंवा एकालाच संपूर्णपणे, वाचायला आणि लिहायला. एकाला संपूर्ण मिळाला की इतर कुणाला तो वाचायलाही मिळत नसे. वर जुन्या नकाशाचं सांगितलं, त्याचा हा बंदोबस्त. प्रोग्रॅमचे पॅक सगळ्यांना वाचण्यापुरते खुले. त्यात भर घालायची तर ती व्यवस्थापकानं, इतर सगळे बाहेर असताना किंवा वेगळ्या पॅकवर नवी आवृत्ती तयार करून.

एक फायदा असा, की आरव्हीडीच्या सर्व्हरला डोकं फार चालवावं लागत नसे. फाइल कुठे आहे, नाव काय, परवानगी कुणाला, हे सगळं वर्कस्टेशन स्वतः पाही. सर्व्हर ब्लॉक देण्यापुरता. त्यामुळे एका सर्व्हरवर पुष्कळ वर्कस्टेशनं सुखानं चालत. याच कारणासाठी अथेनात प्रोग्रॅमांसाठी आरव्हीडी राहिलं, आणि विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या फाइलींसाठी मात्र सनचं एनएफएस आलं, जे ब्लॉकऐवजी फाइली वाटतं. पुन्हा १९० आणि १९१!

पासवर्डबद्दल एक शब्द बोलायला हवा. सार्वजनिक वर्कस्टेशनसमोर जो बसेल तो त्या यंत्राचा त्या वेळेपुरता धनी. यंत्राच्या पत्त्यावर किंवा 'मी अमुक आहे' या त्याच्या शब्दावर सर्व्हरनं विश्वास ठेवणं म्हणजे दाराबाहेर उभ्या माणसाचा आवाज ऐकून कडी काढणं. ही अडचण अथेनात पदोपदी आली आणि तिच्यातूनच 'केर्बेरोस' जन्मलं, जे आज जगभरच्या कचेऱ्यांमध्ये विंडोजच्या लॉगिनमागे मुकाट्यानं काम करतं. वाटून घ्यायच्या सोयीनं ओळखीचा प्रश्न उभा केला, हा क्रम आम्हाला फार बोलका वाटतो.

एनएफएसचं नाव निघालं, तर सन मायक्रोसिस्टिम्सबद्दल. १९८२ मध्ये ही कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, हे आपल्याकडे अभिमानानं सांगितलं जातं, तेव्हा आम्हीही सांगून टाकतो. सननं डिस्क नसलेली वर्कस्टेशनं विकली. त्यांच्यासाठी पहिला उपाय होता 'एनडी', नेटवर्क डिस्क. क्रमांकांच्या तक्त्यात हा ७७ वा. सर्व्हरवरच्या एका फाइलीत व्यवस्थापक लिही: या क्लायंटला मूळ डिस्क म्हणून हा तुकडा, स्वॅप म्हणून हा तुकडा, आणि सगळ्यांसाठी मिळून हा एक सार्वजनिक तुकडा, फक्त वाचण्यासाठी. स्वॅप म्हणजे स्मृती अपुरी पडली की तिच्यातला मजकूर तात्पुरता उतरवून ठेवायची जागा. सन-३/५० मध्ये स्मृती ४ एमबी. म्हणजे ही जागा पदोपदी लागणार, आणि तीसुद्धा तारेच्या पलीकडे. वापरणाऱ्यांच्या सहनशीलतेची कल्पना करा.

एनडीची खरी अडचण वेगाहून वेगळी होती. तुकडे आधीच आखावे लागत. एका क्लायंटचा तुकडा भरून वाहतोय, शेजाऱ्याचा निम्मा रिकामा, तरी उसना देता येत नाही, कारण बांध घातलेला आहे आणि दोन्ही बाजूंना ब्लॉक मोजून दिलेले आहेत. एनएफएसनं तो बांधच काढला. १९८५ च्या निबंधात रसेल सँडबर्ग आणि सहकाऱ्यांनी त्याची रचना मांडली, आणि १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये एनडी जाऊन क्लायंटची मूळ डिस्क म्हणजे सर्व्हरवरचं एक साधं फोल्डर झालं, स्वॅप म्हणजे एक मोठी फाइल झाली. आता व्यवस्थापकाला चार छोट्या फाइली जुळवाव्या लागत: कुठल्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक म्हणजे कुठलं यंत्र, त्या नावाला कुठला पत्ता, त्याची मूळ डिस्क आणि स्वॅप कुठे, आणि कुणाला काय निर्यात करायचं. यंत्र सुरू होताना फक्त आपल्या कार्डाचा क्रमांक जाणत असे. 'मी कोण?' असा प्रश्न ते नेटवर्कवर मोठ्यानं विचारी, आणि कुणीतरी त्याला नाव सांगे. उपनिषदांचा प्रश्न विचारणारं यंत्र म्हणून आम्ही वर्गात हे उदाहरण देत असू, मुलं हसत असत.

तिसराही मार्ग होता, सगळ्यांना लिहू द्यायचं, पण एकमेकांना विचारून. डिजिटलनं १९८३ मध्ये जाहीर केलेल्या व्हॅक्सक्लस्टरमध्ये अनेक यंत्रं एकाच डिस्कवर लिहीत, पण त्याआधी 'लॉक मॅनेजर'कडून त्या वस्तूचा ताबा घेत. काम झालं की ताबा सोडायचा, आणि इतरांना कळायचं की तुमच्याकडची नोंद आता शिळी आहे. हे जमतं, पण सगळ्या यंत्रांनी ती शिस्त पाळणारी एकच प्रणाली वापरावी लागते आणि एखादं यंत्र ताबा घेऊन मध्येच मेलं तर काय, याचाही विचार करावा लागतो. आजच्या क्लस्टर फाइल सिस्टिम याच घराण्यातल्या.

आपल्याकडे हे कधी आलं? १९९० च्या दशकात पुष्कळ महाविद्यालयांत नोव्हेल नेटवेअरची प्रयोगशाळा होती. हार्ड डिस्क नसलेले पीसी, कार्डावर एक बूट रॉम. फ्लॉपीवर धूळ आणि बुरशी बसे, मुलं त्यातून विषाणू आणत, म्हणून फ्लॉपी ड्राइव्हही काढून टाकलेला. मग डॉस सुरू कुठून होई? व्यवस्थापक एकदा बूट फ्लॉपी बनवी आणि 'डॉसजेन' नावाच्या प्रोग्रॅमनं तिची प्रतिमा सर्व्हरवर एका फाइलीत उतरवी. बूट रॉम त्या फाइलीलाच ए ड्राइव्ह समजे. चाळीस मुलं एकाच वेळी एकाच फ्लॉपीवरून यंत्र सुरू करीत, आणि ती फ्लॉपी कपाटात असे. आमच्या माहितीतल्या अनेकांनी आभासी डिस्क प्रथम वापरली ती अशी, तिचं नावही न ऐकता.

पुढे असं वाटलं होतं की फाइली वाटणाऱ्या एनएफएसनं ब्लॉक वाटणाऱ्यांचा प्रश्न निकालात काढला. तसं झालं नाही. २००४ च्या एप्रिलमध्ये आयस्कझी हा प्रोटोकॉल प्रमाणित झाला, त्यात डिस्कची मूळ भाषा, स्कझी, साध्या टीसीपीवरून बोलली जाते. एका मोठ्या यंत्रात अनेक आभासी यंत्रं ठेवायची पद्धत पुन्हा रूढ झाली होती, आणि आभासी यंत्राला फोल्डर नव्हे, डिस्क हवी असते. म्हणजे आपण फिरून १९६७ च्या केंब्रिजला आलो.

आयस्कझीत देणाऱ्याला 'टार्गेट' म्हणतात, घेणाऱ्याला 'इनिशिएटर'. दोघांनाही लांबलचक नावं असतात, आणि टार्गेटच्या यादीत लिहावं लागतं की कुठल्या नावाच्या इनिशिएटरला कुठली डिस्क दिसेल. ही यादी मोकळी सोडली, किंवा 'दोन सर्व्हरना एकच डिस्क दिली म्हणजे फाइली आपोआप सामायिक होतील' अशी समजूत करून घेतली, की ब्लॉक ५०० ची कथा पुन्हा घडते. प्रोटोकॉल अडवत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं दोघांच्याही मागण्या कायदेशीर आहेत. पहिले काही तास सगळं छान चालतं, आणि म्हणूनच हा अपघात घातक आहे. बिघाड दिसतो तेव्हा बिघडलेल्याच डिस्कची बॅकअप घेऊन झालेली असते. नवी यंत्रणा बसवणाऱ्या तरुण मंडळींना आमचं सांगणं इतकंच, की डिस्क जोडण्याआधी कागदावर दोन रकाने करा, कोण वाचणार आणि कोण लिहिणार, आणि दुसऱ्या रकान्यात दोन नावं आली तर तिथेच थांबा. क्लस्टर फाइल सिस्टिम आहे का, हे आधी विचारा.

ज्यांना क्लस्टरची दगदग नको, त्यांनी जुनाच मार्ग नव्यानं काढला. शाळांसाठी वापरल्या जाणाऱ्या एलटीएसपी या मुक्त प्रणालीच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये क्लायंटची मूळ डिस्क 'स्क्वॉशएफएस' या दाबून बसवलेल्या स्वरूपात पाठवता येते. त्या स्वरूपात लिहिण्याची सोयच नाही. कचेऱ्यांमध्येही तेच. सिट्रिक्सची प्रोव्हिजनिंग ही सेवा एकच 'व्हीडिस्क' शेकडो मेजांवर पोचवते. व्यवस्थापकाला दुरुस्ती करायची असली की तो तिची पद्धत बदलून ती एकट्यासाठी घेतो, काम झालं की पुन्हा सगळ्यांसाठी वाचण्यापुरती. अथेनातला 'एकालाच संपूर्ण' हाच.

पण माणूस दिवसभर काम करतो तर काहीतरी लिहिणारच. खिडकीची जागा बदलतो, मेजावर एखादी फाइल ठेवतो, घरच्यांचा फोटो पार्श्वभूमीला लावतो. ते लिहिणं मूळ डिस्कवर जात नाही, बाजूला एका तात्पुरत्या जागेत जातं. यंत्राला ब्लॉक हवा असला की आधी त्या जागेत पाहायचं, तिथे नसला तर मूळ डिस्कवरून घ्यायचा. त्यामुळे त्याला वाटतं, ही डिस्क माझी आहे आणि मी तिच्यावर लिहिलं आहे. संध्याकाळी यंत्र बंद होतं, सकाळी सुरू होतं, आणि ती जागा पुसून कोरी केलेली असते. फोटो नाही, मेजावरची फाइल नाही. तंत्रज्ञ म्हणतात ही सोय आहे, विषाणूही त्याच झाडूनं जातो, आणि ते खरंच आहे. पण ज्याची मेहनत त्या मेजावरच्या फाइलीत होती त्याला कुणी आधी सांगितलं होतं का, की त्याची १९१ त्याला दिलेलीच नाही? सीएमएसच्या वापरकर्त्याला निदान दोन क्रमांक दिसत होते, कुठली डिस्क सगळ्यांची आणि कुठली आपली हे त्याला ठाऊक असे. आज तो भेद पडद्यावर कुठेच दिसत नाही, तो फक्त व्यवस्थापकाच्या तक्त्यात असतो. तो तक्ता वापरणाऱ्यालाही वाचता यावा, एवढी मागणी आम्हाला अवास्तव वाटत नाही.

इथे थांबू. प्रश्न असतील ते घेऊ.